परसात वर्षभर पक्षी कसे पाहावेत: नाशिकमधील नवशिक्यांसाठी

परसात किंवा गॅलरीत पक्ष्यांसाठी दाणा-पाणी ठेवण्याविषयी जी माहिती सहज हाती लागते, ती बहुतेक वेळा बर्फ पडणाऱ्या देशांतील असते. तिकडे हिवाळ्यात जमीन गोठते, किडे दिसेनासे होतात आणि दिवस आखडतो, त्यामुळे नोव्हेंबर ते एप्रिल हा फीडरचा, म्हणजे पक्ष्यांना दाणे ठेवण्याच्या थाळीचा, हंगाम समजला जातो. उत्तर अमेरिकेतील ‘प्रोजेक्ट फीडरवॉच’ हा नोंदणीचा उपक्रमही याच महिन्यांत चालतो. नाशिकचे गणित जवळजवळ उलटे आहे. जानेवारीत निफाडचा पारा एक आकडी झाला, तरी आपल्या शिवारात दाणा, किडे आणि फळे असतातच. पक्ष्यांची खरी ओढाताण होते ती चैत्र-वैशाखात, आणि तीही दाण्यापेक्षा पाण्यासाठी. त्यामुळे थाळीत काय ठेवायचे, किती ठेवायचे आणि केव्हा काहीच ठेवायचे नाही, हे येथे ऋतू पाहून ठरवावे लागते. फीडर हे पक्षी जगवण्याचे नव्हे, तर त्यांना जवळून पाहण्याचे साधन आहे, एवढे मनाशी पक्के केले की दाण्यांचा मारा करण्याचा मोह आपोआप आवरतो.

आधी आठवडाभर नुसते पाहा

कोणतीही खरेदी करण्यापूर्वी एक आठवडा रोज सकाळी एकाच ठिकाणी पंधरा-वीस मिनिटे बसावे आणि घराभोवती आधीपासून कोण वावरते ते पाहावे. सूर्योदयानंतरचे दोन तास सर्वांत चांगले. मेच्या अखेरीस नाशिकला सूर्य सहाच्या सुमारास उगवतो आणि जानेवारीत सातनंतर, म्हणून घड्याळाची वेळ ठरवण्यापेक्षा सूर्योदय धरून बसणे अधिक सोयीचे. देवळाली कॅम्पच्या जुन्या झाडांत बंगला असणाऱ्याला जे पक्षी दिसतील, ते सिडकोतील तिसऱ्या मजल्यावरून दिसणार नाहीत, आणि मखमलाबाद किंवा म्हसरूळच्या बाजूला शेताला लागून घर असेल तर यादी आणखी वेगळी होईल. चिमणी, साळुंकी, लालबुड्या बुलबुल, तपकिरी होला, शिंजीर (फुलांतील मध पिणारा चिमुकला सनबर्ड), शिंपी, दयाळ आणि कावळा हे बहुतेक ठिकाणी भेटतात. हे आठ पक्षी रंगावरून, चालीवरून आणि आवाजावरून ओळखता येऊ लागले की नवखा पाहुणा आपोआप वेगळा दिसू लागतो. दुर्बीण लगेच घेतली पाहिजे असे नाही. पुढे घ्यावीशी वाटली तर आठ पट मोठे दाखवणारी, म्हणजे ८×३२ किंवा ८×४२ या मापाची घ्यावी. त्याहून अधिक पटीची दुर्बीण हातात स्थिर ठेवणे अवघड जाते.

याच आठवड्यात पारव्यांची संख्याही पाहून ठेवावी. इमारतीच्या डक्टमध्ये, एसीच्या मागे आणि छज्जांवर पारव्यांची वस्ती असेल, तर तेथे उघड्यावर दाणे टाकणे म्हणजे केवळ पारवे वाढवणे होय. त्यांच्या वाळलेल्या विष्ठेच्या धुळीमुळे काहींना फुप्फुसाचा गंभीर विकार होतो, आणि मुंबईत २०२५ मध्ये कबुतरखान्यांवरून केवढा वाद पेटला होता ते बहुतेकांना आठवत असेल. अशा इमारतीत राहणाऱ्यांनी दाण्याचा नाद सोडून फक्त पाणी आणि फुलझाडे यांवर भर द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

जागा आणि थाळी

जागा निवडताना तीन अंतरांचा विचार करावा लागतो. पहिले काचेपासूनचे: खिडकीच्या काचेत आकाशाचे किंवा झाडाचे प्रतिबिंब पडते आणि दचकून उडालेला पक्षी त्यावर आदळतो. थाळी काचेपासून एक मीटरच्या आत ठेवली तर पक्ष्याला वेग घ्यायला वाव मिळत नाही, आणि दहा मीटरपलीकडे ठेवली तर काच चुकवायला जागा मिळते. धोका असतो तो या दोहोंच्या मधल्या अंतरात. दुसरे अंतर आडोशापासूनचे. जवळ झुडूप असेल तर पक्षी आधी त्यात बसून अंदाज घेतात आणि मगच थाळीवर उतरतात, परंतु त्याच झुडपात मांजर दबा धरून बसते, म्हणून दोन-तीन मीटर मोकळी जागा मध्ये राहू द्यावी. तिसरे अंतर शेजाऱ्यांपासूनचे. खालच्या मजल्याच्या गॅलरीत टरफले आणि विष्ठा पडत असेल, तर पक्षी येऊ लागण्याआधीच सोसायटीची तक्रार येते. थाळीखाली मोठा ट्रे लावून तो रोज झाडला म्हणजे हा प्रश्न उद्भवत नाही.

थाळी साधी असावी. पाणी निथळण्यासाठी तळाला बारीक छिद्रे, एक-दोन सेंटिमीटरची कड आणि वर छोटे छप्पर इतके पुरे. पारवे येत असतील तर थाळीभोवती चार-पाच सेंटिमीटर चौकोनांची तारेची जाळी लावावी; चिमण्या आणि मुनिया आत-बाहेर करतात, पारवा बाहेर राहतो. प्लॅस्टिकच्या बाटलीत चमचे खोचून केलेला फीडरही चालतो, मात्र कापलेल्या कडा धारदार राहू देऊ नयेत.

दाण्यांत बाजरी आणि राळा हे सर्वांत उपयोगी. बाजरी चिमण्यांना व होल्यांना आवडते, बारीक राळा मुनियांना. ज्वारीची कणी, तांदळाची कणी आणि नागलीही चालते. भगरीच्या गिरण्या नाशिकला पुष्कळ असल्यामुळे भगर सहज मिळते, पण ती सडलेली, म्हणजे टरफल काढलेली, असते. तिला टरफल नसल्याने ओल लागताच ती लवकर खराब होते, म्हणून ती कोरड्या दिवसांतच आणि चिमूटभर ठेवावी. शिळी पोळी, पाव, बिस्किटे, फरसाण आणि मीठ लावलेले शेंगदाणे पूर्णपणे वर्ज्य. बुलबुल, साळुंकी आणि चष्मेवाला यांच्यासाठी पिकलेली पपई, पेरू, केळे किंवा चिकू कापून ठेवावा आणि दुपारपूर्वी काढून घ्यावा, नाहीतर मुंग्या आणि माश्या त्याचा ताबा घेतात. द्राक्षे ठेवायची तर नीट धुऊन आणि अर्धी कापून ठेवावीत. (पिंपळगाव-ओझर पट्ट्यातील बागाईतदाराला बुलबुल हा पाहुणा वाटत नाही, हे येथे सांगितले पाहिजे, घड पिकण्याच्या सुमारास बागेवर जाळी ताणण्याचा खर्च त्याला याच मंडळींमुळे करावा लागतो.)

शिंजिरासाठी साखरेचे पाणी ठेवू नये. ते आंबते, त्यात मुंग्या होतात, आणि फुलांतून जे मिळते ते त्यातून मिळत नाही. त्यापेक्षा जास्वंद, शेवगा किंवा हमेलिया यांपैकी एखादे झाड लावावे. कुंडीतील हमेलियावरही शिंजीर येतो.

पाण्यासाठी कुंभाराकडील मातीचे पसरट परळ सर्वांत उत्तम. काठ उतरता असावा, पाणी मध्यभागीदेखील दोन इंचांहून खोल नसावे आणि पृष्ठभाग खरखरीत असावा, म्हणजे पक्ष्याचा पाय घसरत नाही. खोल बादलीत किंवा घंगाळात पाणी ठेवायचेच असेल तर त्यात काठाबाहेर डोकावणारा दगड टाकावा. पाणी रोज बदलावे. एडीस डासाची अंड्यापासून पूर्ण वाढ होण्यास उन्हाळ्यात सुमारे आठवडा पुरतो, त्यामुळे रोज रिकाम्या होणाऱ्या परळात डास वाढू शकत नाहीत.

थाळी आणि परळ आठवड्यातून एकदा गरम पाण्याने घासून उन्हात वाळवावेत. महिन्यातून एकदा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी अशा द्रावणाने धुवावे व नंतर स्वच्छ पाण्याने खळबळून पूर्ण सुकवावे. एकाच थाळीवर अनेक पक्षी आले की साल्मोनेला आणि घशात वाढणारा ट्रायकोमोनास यांसारखे रोगजंतू त्यांच्यात पसरतात. पिसे फुलवून, डोळे मिटून थाळीजवळ बसून राहणारा पक्षी दिसला तर दाणे-पाणी दोन आठवडे बंद ठेवून सर्व भांडी धुवावीत.

ऋतूंप्रमाणे

सुरुवात करण्यासाठी पावसाळा संपल्यानंतरचा काळ मला सर्वांत योग्य वाटतो. दाणे कोरडे राहतात, आणि महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर या काळात पक्षी सप्ताह असतो. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्ली यांचा आणि १२ नोव्हेंबर हा डॉ. सलीम अली यांचा जन्मदिवस. या दिवसांत नवी थाळी टांगली तर पक्ष्यांना तिची सवय होण्यास काही दिवसांपासून काही आठवडे लागतात. तोवर जागा बदलू नये. शेताजवळच्या घरांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बाजरी व भात यांची काढणी चालू असताना शिवारात सांडलेला दाणा मुबलक असतो, त्यामुळे थाळीकडे चिमण्या फिरकल्या नाहीत तर त्यात नवल नाही.

हिवाळ्यात पाहण्याजोगे जे असते ते बहुधा थाळीबाहेर असते, आणि नवशिक्याचे नेमके तिकडे दुर्लक्ष होते. गच्चीच्या कठड्यावर सतत शेपूट थरथरवणारा, काळ्या छातीचा आणि तांबूस पोटाचा पक्षी म्हणजे थिरथिरा. मादी फिकट तपकिरी असते, पण शेपटीचा तांबूस रंग आणि ती थरथर तिच्याही ठिकाणी असते. तो साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात येतो, एप्रिलपर्यंत जातो, आणि किडे खाणारा असल्यामुळे आपल्या बाजरीकडे ढुंकूनही पाहत नाही. पाण्याच्या टाकीच्या गळतीजवळ शेपूट वर-खाली करीत चालणारा करडा धोबी त्याच्याही आधी, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये येऊन पोहोचतो. संध्याकाळी आकाशात एकदम वळणारे मोठे थवे दिसले तर ते भोरड्यांचे (गुलाबी मैनांचे) असण्याची शक्यता मोठी. मध्य आशियाकडून आलेले हे पक्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पळस आणि पांगारा फुलला की त्यावर अक्षरशः लोटतात. घराजवळ यांपैकी एखादे झाड असेल, तर फुलोऱ्याच्या त्या दोन-तीन आठवड्यांत फीडर रिकामा राहिला तरी चालेल, सगळी बैठक झाडासमोर हलवावी. हिवाळ्यातील बदकांची आणि पाणपक्ष्यांची ओढ लागली तर गोदावरी-कादवा संगमावरील नांदूर मध्यमेश्वर आहेच. महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असलेल्या या अभयारण्याची एक फेरी हिवाळ्यात करावीच, पण तो परसाबाहेरचा विषय आहे.

संक्रांतीचे काम वेगळे. पतंगांचे दिवस संपले की परसातील झाडांवर, अँटेनावर आणि तारांच्या आसपास अडकलेला मांजा शक्य तेवढा काढून घ्यावा, कारण तो पुढे महिनोन् महिने लटकत राहतो आणि पक्ष्यांचे पंख कापतो. विजेच्या तारांना मात्र स्वतः हात लावू नये. जखमी पक्षी सापडल्यास छिद्रे पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात व शांत जागी ठेवावा, तोंडात बळेच पाणी ओतू नये आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे.

फेब्रुवारीपासून थाळीवरच्या ओळखीच्या पक्ष्यांतही फरक दिसू लागतो. चिमणा नीट न्याहाळावा: एरवी फिकट असणारी त्याची चोच विणीच्या काळात काळी होते, आणि गळ्यावरचा काळा पट्टा अधिक ठसठशीत दिसतो, कारण पिसांची फिकट टोके झिजून आतला काळा रंग उघडा पडतो. पिल्लांना पहिले काही दिवस चिमण्या मुख्यतः किडे आणि अळ्या भरवतात. म्हणून परसात कीटकनाशक न फवारणे हे थाळीतल्या बाजरीइतकेच, किंबहुना त्याहून अधिक महत्त्वाचे आहे. चिमण्यांसाठी खोपा, म्हणजे घरट्याची पेटी, टांगायची असेल तर तिचे भोक ३२ मिलिमीटरचे ठेवावे, म्हणजे साळुंकी आत शिरत नाही. भोकाखाली दांडी नको, आणि पश्चिमेचे ऊन लागेल अशी भिंत टाळावी. २० मार्चला साजरा होणारा जागतिक चिमणी दिवस ज्यांच्या पुढाकाराने सुरू झाला, ते ‘नेचर फॉरेव्हर सोसायटी’चे मोहम्मद दिलावर मूळचे नाशिकचेच, तेव्हा या शहरात चिमणीचा खोपा ही काही नवलाईची वस्तू राहिलेली नाही.

मार्चच्या मध्यापासून पावसापर्यंत दाणे निम्म्यावर आणावेत आणि सगळे लक्ष पाण्याकडे वळवावे. दोन परळे ठेवावीत, एक पिण्यासाठी उंचावर आणि एक अंघोळीसाठी खाली, दोन्ही सावलीत. सकाळी सात-आठच्या सुमारास आणि पुन्हा चारनंतर ती भरावीत, कारण भर दुपारी पाणी कढत होते. ज्या पक्ष्यांना दाण्याची आवड नाही, तेही या दिवसांत पाण्यावर येतात: दयाळ, शिंपी, चष्मेवाल्यांचा छोटा थवा, सातभाईंचे भांडखोर टोळके, एखाद्या दिवशी तांबट. संपूर्ण वर्षात एवढी विविधता दुसऱ्या कोणत्याही महिन्यात एका जागी बसून दिसत नाही, म्हणून ज्याला वर्षातून दोनच महिने वेळ काढता येतो त्याने एप्रिल आणि मे निवडावेत. परळाशेजारी कोरड्या मातीचा वितभर तुकडा मोकळा ठेवला तर चिमण्या धूळस्नानही करतात. थाळीभोवती अचानक शुकशुकाट झाला, तर वर पाहावे. जवळच्या फांदीवर शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी बसलेला असू शकतो. त्याला हाकलू नये, त्याचाही परसावर तेवढाच हक्क आहे.

पावसाळ्यात बहुतेक लोक हिरमुसतात. जूनमध्ये ‘पेरते व्हा’ म्हणणारा पावशा आणि आफ्रिकेतून आलेला चातक यांचे आवाज कानी पडतात, पण थाळी ओस पडते. त्याचे कारण साधे आहे: सगळीकडे किडे आणि हिरवे बी आहे, पिल्ले वाढवायची आहेत, आणि भिजलेल्या बाजरीत कोणाला रस नाही. या चार महिन्यांत दाणे बंद केले तरी बिघडत नाही. ठेवायचेच असतील तर छपराखाली, सकाळपुरते मूठभर, आणि उरलेले त्याच दिवशी टाकून द्यावेत, कारण ओल्या दाण्यावरील बुरशीत पक्ष्यांना मारक विष तयार होते. परळे पालथी घालावीत. पाहण्यासारखे मात्र पुष्कळ असते. पिवळेधमक झालेले सुगरणीचे नर आणि मुनिया गवताच्या लांब पट्ट्या चोचीत धरून नेताना दिसतात, म्हणून कुंपणालगतचे थोडे गवत कापू नये. त्याऐवजी दोरे, लोकर किंवा नायलॉनचे धागे मात्र ठेवू नयेत, त्यांत पिल्लांचे पाय अडकतात. आषाढ-श्रावणात एखादा कावळा स्वतःपेक्षा वेगळ्याच दिसणाऱ्या, सतत चोच वासणाऱ्या पिल्लाला भरवताना दिसला तर ते कोकीळेचे पिल्लू समजावे.

गणपतीनंतर शिंजिराकडे पुन्हा लक्ष द्यावे. जांभळ्या शिंजिराचा नर विणीनंतर आपला चमकता रंग टाकतो आणि मादीसारखा पिवळट दिसू लागतो. फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक गडद पट्टा उरतो. ‘नर कोठे गेला’ असे वाटते ते यामुळे. हिवाळा सरता-सरता तो पुन्हा जांभळा होतो, आणि या बदलातील मधली ठिगळ-ठिगळ अवस्था जास्वंदीवर अगदी हातभर अंतरावरून पाहता येते.

नोंद कशी ठेवावी

दोनशे पानी वही पुरते. तारीख, वेळ, किती मिनिटे पाहिले, आकाश कसे होते, थाळीत काय होते, आणि मग पक्षी. संख्या लिहिताना दिवसभराची बेरीज करू नये, कारण तीच चिमणी दहा वेळा येते. एका वेळी एकत्र दिसलेल्या पक्ष्यांची सर्वांत मोठी संख्या लिहावी. एकही पक्षी आला नाही तर ‘शून्य’ असे स्पष्ट लिहावे. जुलैतील शून्य आणि पान न लिहिणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पुढच्या वर्षी तुलना करताना हा फरकच उपयोगी पडतो. थिरथिरा प्रथम कोणत्या तारखेला दिसला, शेवटचा केव्हा दिसला, कोकीळ कधी बोलू लागला, पहिले पिल्लू थाळीवर कधी आले, या तारखांसाठी वहीचे शेवटचे पान राखून ठेवावे.

पिल्लू गॅलरीत पडलेले सापडले तर ते उचलून जवळच्या उंच, सुरक्षित जागी ठेवावे. माणसाचा हात लागला की आई-बाप पिल्लाला टाकतात, हा समज खरा नाही. बहुतेक वेळा ते आसपासच असतात. आपल्याकडचे पोपट आणि मुनिया पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, आणि अंगणात सापडलेले पोपटाचे पिल्लू ‘वाचवून’ पाळणे यालाही तो लागू होतो.

तीन-चार महिन्यांच्या नोंदी झाल्या की ‘ई-बर्ड’ या संकेतस्थळावर विनामूल्य खाते उघडून त्या भरता येतात. फेब्रुवारीत चार दिवस चालणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही गणना १९९८ पासून होत आहे, आणि भारतातील लोक २०१३ पासून तीत भाग घेतात. तिच्यासाठी एका जागी किमान पंधरा मिनिटे बसून दिसलेल्या सर्व पक्ष्यांची यादी द्यावी लागते. यादीत पारवा आणि कावळाही लिहावा. थव्याची संख्या मोजता आली नाही तर अंदाज लिहावा, आणि एखाद्या पक्ष्याची ओळख पटली नसेल तर ते नाव ओढूनताणून भरण्याऐवजी वहीतच त्याचे वर्णन करून ठेवावे.